ओट्यावरचा दिवा आणि सभासदांची नोंदवही

निवृत्तांच्या वसाहतीत गृहनिर्माण संस्था कोणाची सेवा करते, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि त्याखालील उपविधी, म्हणजे संस्थेने स्वीकारलेले व निबंधकाने नोंदवून घेतलेले नियम, यांनी त्याचे उत्तर एका शब्दात देऊन ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे सभासदाची. ज्याच्या नावावर भूखंड किंवा सदनिका आहे, ज्याने संस्थेचे भाग घेतले आहेत आणि ज्याचे नाव सभासद-नोंदवहीत चढले आहे, तो सभासद. परंतु कुंडल आणि किर्लोस्करवाडी यांच्या परिसरातील अशा एका लहान वसाहतीचे सचिवपद काही वर्षे सांभाळताना प्रस्तुत लेखकाच्या पदरी जो अनुभव पडला तो असा की, वहीत नाव असलेला माणूस बहुधा पुण्यात, बंगळुरात नाहीतर त्याहूनही दूर असतो. आणि ज्याच्या नळाला पाणी चढत नाही, ज्याला रात्री दोनला दम लागतो किंवा ज्याचा हयातीचा दाखला ऐन नोव्हेंबरात अडतो, त्याचे नाव त्या वहीत सापडेलच असे नाही. संस्थेचा पत्रव्यवहार मालकाशी चालतो आणि संस्थेचा दिवस रहिवाशाबरोबर जातो. सचिवाची निम्मी शक्ती या दोघांमधल्या अंतरात खर्ची पडते.

हे अंतर या भागात कसे पडले ते पाहायचे तर किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करावी लागते. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये आपला कारखाना औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर आणला. जागा आणि सुरुवातीचे कर्ज औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी दिले. कारखान्याच्या बरोबरीने कामगारांची घरे उभी राहिली आणि त्या वसाहतीचा कारभार लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांनी पाहिला. पुढे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. कंपनीच्या वसाहतीत घर कंपनीचे असते आणि राहणारा कामगार असतो, त्यामुळे नळ गळला, कौल फुटले किंवा गटार तुंबले तर चिठ्ठी द्यायची आणि माणूस येण्याची वाट पाहायची, एवढेच रहिवाशाचे काम उरते. अशा व्यवस्थेत तीस-पस्तीस वर्षे काढलेला माणूस अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी क्वार्टर रिकामे करतो, फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशातून कुंडल, पलूस किंवा रामानंदनगर या बाजूला चार गुंठ्यांत घर बांधतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मालक होतो. लेथवर केसाच्या जाडीइतका फरक ओळखणाऱ्या हातांना घरच्या नळाचा वॉशर बदलण्याची वेळ तोवर कधी आलेली नसते. या मंडळींना संस्था स्थापन करण्याची गरज वाटली ती सहकाराच्या ओढीने फारशी नाही. साखर कारखान्यापासून दूध सोसायटीपर्यंत सहकार या मातीत सवयीचाच आहे. चिठ्ठी द्यायला कोणीतरी असावे, ही त्यामागची खरी निकड होती.

येथे संस्थांचे दोन प्रकार सांगणे आवश्यक आहे, कारण पुढची बरीच भांडणे त्यांच्यातल्या गोंधळातून निघतात. ‘भाडेकरू-सहभागीदारी’ प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात, जसे शहरातील बहुतेक सदनिकांच्या संस्थांत असते. ‘भाडेकरू-मालकी’ प्रकारात जमीन संस्थेची असते, भूखंड सभासदाला दिलेला असतो आणि त्यावरचे घर ज्याने बांधले त्याचे असते. कुंडलकडच्या बैठ्या घरांची ही वसाहत दुसऱ्या प्रकारातली असल्याने रस्ता, गटार, बोअर, टाकी, रस्त्यावरचे दिवे आणि खुली जागा एवढ्यापुरतीच संस्थेची जबाबदारी कागदावर आहे आणि उंबऱ्याच्या आत तिचा काही संबंध नाही. ज्येष्ठांसाठी म्हणून बांधलेली संकुले, उदाहरणार्थ पुण्यातील ‘अथश्री’, यांच्यात उंबऱ्याच्या आतल्या सेवाही आधीच आखलेल्या आणि दरपत्रकात घातलेल्या असतात. अमेरिकेत 1960 च्या पहिल्या दिवशी ॲरिझोनात खुल्या झालेल्या सन सिटीपासून तर निवृत्तांची अख्खी शहरेच वसवली गेली. कुंडलच्या वसाहतीला कोणी निवृत्तांसाठी म्हणून आखले नव्हते. ती रहिवाशांबरोबर म्हातारी झाली, आणि उंबऱ्याच्या आत न जाण्याचा नियम मग आपोआपच पातळ होत गेला.

तो कसा पातळ झाला हे ओट्यावरच्या दिव्याच्या व्यवस्थेवरून नीट दिसते. एकट्या राहणाऱ्यांची घरे वाढू लागली तेव्हा कार्यकारी मंडळाने असे ठरवले की, अशा प्रत्येकाने रात्री ओट्यावरचा दिवा लावावा आणि सकाळी सातच्या आत मालवावा; सातनंतरही दिवा जळताना दिसला तर समोरच्या घराने जाऊन कडी वाजवावी. योजनेला एका दिव्यापलीकडे खर्च नव्हता, यंत्र नव्हते, शिकवावे लागेल असे काही नव्हते, आणि म्हणूनच ती सर्वांना पटली. पहिली अडचण विजेने आणली. पहाटे वीज गेली की सगळेच दिवे मालवलेले दिसत आणि नेमकी ज्या घराकडे बघायची गरज असे तेही इतरांसारखेच निर्धास्त वाटे. म्हणून दिव्याच्या जोडीला फाटकाला अडकवलेली दुधाची पिशवी आली. आठपर्यंत पिशवी तशीच लोंबकळत असेल तर कडी वाजवायची. दुसरी अडचण विसरण्याची होती आणि ती अपेक्षितच होती. तिसरी मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. एका काकींच्या घरचा दिवा आठवड्यातून दोनदा तरी साडेसातपर्यंत जळत राही, समोरच्या घरातून कोणी धावत जाई, काकी ठणठणीत असत, “अगं बाई, राहिलाच की” म्हणत आणि आलेल्याला चहाशिवाय सोडत नसत. विसराळूपणा वाढला असे समजून सचिवाने त्यांच्या मुलाला फोनही केला. पुढे काही महिन्यांनी लक्षात आले की दिवा मंगळवारी आणि शुक्रवारीच राहतो, आणि त्या दोन दिवशी कामवाली बाई येत नाही. काकींनी संस्थेच्या योजनेचा सर्वांत अचूक अर्थ लावला होता, असेच म्हणावे लागते. त्यानंतर त्या घरी मंगळवार-शुक्रवारचा फेरा दिव्याकडे न बघता होऊ लागला. इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदीत, याचा उल्लेख कुठेही नाही, आणि तो कोणत्या विषयाखाली घालायचा हे उपविधींत शोधूनही सापडले नसते.

दिव्यापाठोपाठ किल्ल्या आल्या. दार आतून बंद असेल तर कडी वाजवून काय उपयोग, हा साधा प्रश्न एका रात्री स्नानगृहात पडलेल्या गृहस्थांमुळे पुढे आला आणि त्यानंतर संस्थेच्या कार्यालयात, म्हणजे पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत, एक फळी ठोकून तिच्यावर क्रमांक घातलेल्या खिळ्यांना घराघरांच्या जादा किल्ल्या टांगल्या गेल्या. किल्ली देणे ही विश्वासाची मोठी गोष्ट असते आणि आरंभी फक्त पाचसहा घरांनी ती दिली. काहींनी सचिवाकडे न देता वॉचमनकडे दिली, कारण सचिव चौकस होता आणि वॉचमनला घरात काय आहे याचे कुतूहल नव्हते. हा शेरा सचिवाला त्या वेळी लागला होता, पण त्यात तथ्य होते.

नोव्हेंबर हा अशा वसाहतीतला सर्वांत कामाचा महिना. निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती जिवंत आहे याचा पुरावा दरवर्षी द्यावा लागतो, त्याला हयातीचा दाखला म्हणतात; 2014 च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू झाल्यापासून तो बोटाचा ठसा घेऊन संगणकावरून देता येऊ लागला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 खालच्या लोकांना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि तेथून पुढे वर्षभर चालतो, पण जुन्या सवयीने सगळे नोव्हेंबरातच निघतात. अडचण अशी की ओतकामात आणि घासकामात आयुष्य गेलेल्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा, लाल दिवा लागायचा, दुसरे बोट ठेवायचे, पुन्हा लाल दिवा, मग धोतराच्या सोग्याला बोट पुसून खोबरेल लावायचे आणि परत पहिल्यापासून, असा प्रकार खिडकीपाशी दहाही बोटे संपेपर्यंत चाले. ज्या हातांनी नांगराचे फाळ आणि पंपांचे साचे घडवले, त्यांच्याच मालकाची ओळख पटत नाही असे यंत्राने सांगावे, यातला अन्याय ती माणसे बोलून दाखवत नसत. “भट्टीनं खाल्ल्या रेषा” एवढेच म्हणत. संस्थेने पुढे एका दिवशी टाकीखालच्या खोलीतच यंत्रासह माणूस बोलवायला सुरुवात केली आणि चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय 2021 मध्ये आल्यावर कोणाच्या तरी नातवाच्या मोबाइलवर बरेचसे काम उरकू लागले. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 पासून दरमहा 1000 रुपये आहे, हा आकडा वसाहतीची मासिक वर्गणी ठरवताना सचिवाला सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

औषधांचे आणि दवाखान्याचे फार लिहिण्यासारखे नाही. मोठ्या दुखण्याला येथली माणसे पूर्वापार मिरजेला जातात, 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आल्यापासून रात्रीची धास्ती कमी झाली, आणि संस्थेने केले ते इतकेच की प्रत्येक घराच्या दाराआड गोळ्यांची नावे व मुलांचे फोन क्रमांक लिहिलेला कागद चिकटवला. त्या कागदाची किंमत ऑगस्ट 2019 मध्ये कळली. कृष्णेच्या पुराने सांगली शहर आणि पलूस तालुक्यातली नदीकाठची गावे वेढली गेली. कुंडल नदीकाठी नसल्याने घरे कोरडी राहिली, पण सांगलीहून येणारी औषधे थांबली, आणि तेव्हा कोणाकडे कोणत्या गोळ्या किती दिवस पुरतील याची यादी त्या कागदांवरून तासाभरात तयार झाली. रक्तदाबाची गोळी एका घरातून दुसऱ्या घरात वाटीतल्या साखरेसारखी गेली.

टाकीखालच्या खोलीत एक कपाटही आहे. त्यात दोन वॉकर, एक चाकांची खुर्ची, एक कमोडची खुर्ची, सलाइनचा स्टँड आणि गरम पाण्याच्या पिशव्या आहेत, बाहेर व्हरांड्यात ताडपत्रीखाली डोके आणि पाय वर करता येणारा फाउलर बेड आहे. यातले बहुतेक सामान विकत आणलेले नाही. एखाद्या घरातले माणूस गेले की तेरावा झाल्यावर मुले ते आणून देतात. त्यामुळे कोणता वॉकर मूळचा कोणाचा हे सर्वांना ठाऊक असते. एका आबांनी तो घेताना नंबर दोनचाच मागून घेतला, कारण पहिला ज्यांचा होता त्यांच्याशी त्यांचे बांधावरून कोर्टापर्यंत गेले होते. मृत्यूनंतरची कामेही संस्थेकडे अशीच चालत आली. मुलगा परदेशातून येईपर्यंत लागणारी शीतपेटी कोठून मागवायची, मर्तिकाचे सामान कोण आणणार, ग्रामपंचायतीत नोंद कोणी द्यायची, हे सचिवाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असते. नामनिर्देशनाचा अर्ज, म्हणजे सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने कोणाशी व्यवहार करावा हे सांगणारा कागद, त्याने हयातीत भरलेला असला तर पुढची वर्षे सुखाची जातात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने विश्वस्त असते, आपोआप मालक होत नाही, हे दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते आणि दर वेळी कोणीतरी रागावते.

आता मूळ अंतराकडे यावे. मालक आणि रहिवासी यांच्या गरजा कशा फाकतात याचे उत्तम उदाहरण पेव्हर ब्लॉकचे आहे. बाहेरगावच्या मालकांनी एका वार्षिक सभेत अंतर्गत रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा आणि फाटकावर कॅमेरे लावण्याचा ठराव आणला. त्यांच्या दृष्टीने ही गुंतवणूक होती आणि भूखंडाचा भाव त्याने वाढणार होता. राहणाऱ्यांना हवे होते ते असे की, फाटकापासून शेवटच्या घरापर्यंतच्या रस्त्यात मध्ये कुठेतरी टेकायला एक बाक असावा आणि गटारावरच्या फरशीला धरायला पाइप असावा. ठराव बहुमताने पास झाला. ब्लॉक बसवणाऱ्या ठेकेदाराने खालची खडी नीट न दाबल्याने पहिल्याच पावसाळ्यात ते खचले, त्यांवर शेवाळ धरले आणि घसरून एका आजींचे मनगट मोडले. सचिवाने कामावर जातीने उभे राहायला हवे होते, तो राहिला नाही. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, याने 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली असून त्यांत दारांची रुंदी किमान 900 मिलिमीटर असावी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे असावेत अशा बारीक बाबी आहेत. ती नव्या प्रकल्पांसाठी आहेत; तरीही संस्थेने टेप घेऊन स्वतःच्या वसाहतीतली दारे मोजली, आणि बहुतेक स्नानगृहांच्या दारांतून कपाटातली चाकांची खुर्ची जाणार नाही, हे उशिरा का होईना कळले.

मताचा प्रश्न यातूनच पुढे आला. येथले बरेच रहिवासी मुळात मालकच होते. साठी उलटल्यावर त्यांनी घर बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता नोंदणी केलेल्या दस्ताने, मुलाच्या नावे केले आणि त्याच दिवशी आपले सभासदत्व गमावले. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 च्या कलम 23 मध्ये आहे, परंतु येथे बहुतेक मुले सांभाळत होती आणि भांडण तेथे नव्हतेच. भांडण होते ते बाकाचे. गंमत अशी की बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल संस्थेने आकारायचे शुल्क, लावताना आईवडील हे कुटुंबच धरले जातात आणि ते राहत असतील तर शुल्क लागत नाही. मतदानाच्या वेळी मात्र तेच आईवडील परके ठरतात. सहकार कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जोडलेल्या स्वतंत्र प्रकरणाने यावर एक वाट ठेवली आहे. सभासदाचे आईवडील, पती-पत्नी, मुले अशा जवळच्या नात्यातील व्यक्तीला ‘सहयोगी सभासद’ करून घेता येते, आणि मूळ सभासदाने आधी लेखी संमती दिली तर तिला मत देता येते.

संस्थेने त्यानुसार बाहेरगावच्या सर्व मालकांना पत्रे पाठवली. काहींची संमती आठवड्यात आली, काहींनी व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, जो लेखी धरता येईना, आणि काहींनी वडिलांना फोन करून विचारले की सोसायटीत काही वाद चालू आहे का. सर्वांत अवघड उत्तर मात्र वसाहतीतूनच आले. ज्यांनी फंडाच्या पैशांतून स्वतः उभे राहून घर बांधून घेतले होते आणि पुढे ते मुलाला दिले होते, अशा एका तात्यांनी अर्जावर सही करण्यास नकार दिला. “माझ्या घरातनं हात वर करायला पोराची चिठ्ठी आणू व्हय?” हा त्यांचा सवाल होता आणि त्याला सचिवाकडे उत्तर नव्हते. कुंडल हा एके काळी औंध संस्थानातला तालुका. त्या संस्थानाने 1939 मध्येच गावाचा कारभार निवडलेल्या पंचायतीकडे सोपवला होता आणि पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या काळात या गावांनी आपले तंटे आपणच मिटवले होते. त्या पिढीच्या मांडीवर वाढलेल्या माणसाला संमतीपत्र हा शब्द कडू लागावा हे समजण्यासारखे आहे.

तात्या सभेला येतात. सभा आता सकाळी अकराला घेतली जाते, कारण संध्याकाळी दिसत नाही आणि दुपारी डोळा लागतो. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पहिली रांग राखलेली असते आणि तात्या तिच्यात डाव्या कोपऱ्याला बसतात. मतदानाच्या वेळी ते हात मांडीवर ठेवतात, आणि इतिवृत्तात त्यांचे नाव ‘निमंत्रित’ या मथळ्याखाली लिहिले जाते. गेल्या सभेत बाकाचा ठराव पुन्हा आला आणि या वेळी पास झाला. तो कोठे ठेवायचा यावर मात्र अर्धा तास गेला, शेवटी तात्यांनी टाकीपासून किती पावलांवर गुडघा बोलू लागतो ते सांगितले आणि जागा ठरली. टाकीचा कॉक गेली कित्येक वर्षे रोज पहाटे सहाला तेच सोडतात, आणि परतताना कोणाच्या ओट्यावर दिवा आहे ते पाहत येतात.